बाईकमध्ये कारचं ऑइल चालतं? नाही

नाशिकच्या सिडको-सातपूरकडच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: "कारचं आणि बाईकचं इंजिन ऑइल एकच. कंपन्या नुसता डबा बदलून लुटतात. कारचा मोठा कॅन आणा, घरीच बदला." घरी बदलता येतं, एवढंच यातलं खरं.

गिअरवाल्या कारचा क्लच साधारणपणे कोरडा, इंजिन ऑइलपासून वेगळा. बहुतेक मोटरसायकलींच्या क्लचप्लेटा मात्र इंजिन ऑइलमध्येच भिजत असतात, गिअरबॉक्सही त्यावरच चालतो. कारच्या ०डब्ल्यू-२० सारख्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात. त्यानं क्लच घसरू शकतो. गंगापूर रोडला कळणारही नाही. कसारा घाट चढताना कळेल: रेस वाढते, इंजिन ओरडतं, गाडी काही ओढत नाही.

डब्याच्या मागं बारीक अक्षरांत 'जासो एमए' (JASO MA) किंवा 'एमए२' (MA2) शोधा; ऑइलमध्ये भिजणाऱ्या क्लचसाठीचं हे जपानी मानक. ग्रेड, म्हणजे ऑइल किती पातळ-घट्ट ते, मॅन्युअलमध्ये असेल तीच. 'एमबी' गिअरलेस स्कूटरसाठी. तिचा क्लच कोरडा. (मेसेज स्कूटरवाल्यानंच लिहिला असावा.)

आधीच ओतलं असेल तर काढून योग्य ते भरा. तरी घसरत असेल तर प्लेटा तपासून घ्या. आणि काढलेलं काळं ऑइल गटारात नको, बाटलीत भरून गॅरेजवाल्याला द्या. गटारातलं शेवटी गोदेतच जातं.