पोस्टाचा शिक्का पाकिटावर असतो, आतल्या कथेवर नाही

लेखकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरतो: "कथा-पटकथा पाकिटात घाला, लाखेनं बंद करा, स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर ए.डी.नं पाठवा आणि आलं की न फोडता कपाटात ठेवा. पोस्टाचा शिक्का म्हणजे सरकारी तारीख. कॉपीराइट मिळाला, नोंदणी नको. कुणी चोरलं तर पाकीट थेट न्यायाधीशांपुढे फोडा. जगभर चालतं." नव्यानं लिहू लागलेली मुलं यावर विसंबून निर्धास्त होतात, म्हणून एकेक मुद्दा तपासायला हवा.

'शिक्क्यामुळे कॉपीराइट मिळतो.' नाही. तो नोंदणीनंही मिळत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मूळ कृती लिहून झाली की हक्क आपोआप निर्माण होतो. वाद उभा राहतो तो पुराव्याचा.

'शिक्का म्हणजे सरकारी तारीख.' खरी गफलत इथेच आहे, कारण वाक्य अर्धं खरं आहे. शिक्क्यातली तारीख पोस्टाची असते, पण ती कशाची तारीख? १६६१ साली इंग्लंडमध्ये हेन्री बिशप यांनी दिवस-महिन्याचा छोटा गोल शिक्का सुरू केला, तो पत्रं रेंगाळतात या तक्रारीमुळे. पत्र पोस्टाच्या हाती कधी आलं, हे त्यातून कळावं. १८४० मध्ये चिकटवायचं तिकीट आलं आणि दुसरं काम निघालं: तेच तिकीट पुन्हा वापरता येऊ नये. त्यासाठीच्या 'माल्टीज क्रॉस' शिक्क्यावर तर तारीखही नव्हती. पुढे दोन्ही कामं होत राहिली, पण दोन्ही पाकिटाच्या बाहेरची. शिक्का मारणारा कर्मचारी पत्ता, वजन आणि तिकीट पाहतो. आत कादंबरी आहे की कोरे कागद, हे त्याला माहीत नसतं आणि माहीत असण्याचं कारणही नाही.

बुक पोस्ट आठवा. छापील मजकूर त्यानं पाठवताना पाकीट चिकटवायचंच नाही, पोस्टाला आत पाहता यावं म्हणून ते उघडं ठेवायचं, असा नियमच होता. त्या उघड्या पाकिटावरही शिक्का पडायचाच. मग आज एक रिकामं पाकीट न चिकटवता स्वतःला पाठवून, पुढच्या वर्षी त्यात दुसऱ्याची कथा घालून ते बंद करायला कोण अडवणार? प्रतिपक्षाचा वकील हाच प्रश्न विचारेल. प्रथम दिवस आवरणांवर, म्हणजे नवं तिकीट निघतं त्या दिवशीच्या खास पाकिटांवर, तर टपालात न टाकताही काउंटरवर शिक्का मारून मिळतो. लाखेचंही तेच: लाख तुमची, मोहर तुमची, ती पुन्हा लावणारेही तुम्हीच.

(शिवाय रजिस्टर टपाल ही स्वतंत्र सेवाच आता उरलेली नाही, २०२५ मध्ये ती स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. निरोप मात्र जुनाच फिरतो आहे.)

'न्यायाधीशांपुढे फोडा.' समजा, तारीख मान्य झाली. तरी पुष्कळ वेळा भांडण तारखेचं नसतंच. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात वादीचं नाटक आधीचं होतं, त्यानं ते चित्रपटाच्या दिग्दर्शकाला ऐकवलंही होतं. तरीही १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या विरुद्ध निकाल दिला. कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कॉपीराइट नसतो. मांडणीची भरीव नक्कल झाली आहे का, हे न्यायालय पाहतं. त्या प्रश्नाला शिक्का काय उत्तर देणार?

याचा अर्थ पोस्टाच्या तारखेला कायद्यात किंमत नाही असा नाही. १८७२च्या करार कायद्याच्या कलम ४ नुसार प्रस्ताव मान्य असल्याचं पत्र टपालात पडलं, हातातून सुटलं, की प्रस्ताव मांडणारा बांधला जातो. अशा वेळी शिक्क्यातला एक दिवस निर्णायक ठरू शकतो. पण तिथेही शिक्का पत्र निघाल्याचंच सांगतो. मजकुरासाठी वकील नोटिशीची स्थळप्रत, म्हणजे स्वतःकडची प्रत, जपून ठेवतातच.

'जगभर चालतं.' हा सल्ला अमेरिकेतही खूप जुना आहे आणि तिथल्या कॉपीराइट कार्यालयानंच स्पष्ट म्हटलं आहे, की अशा संरक्षणाची कायद्यात तरतूद नाही आणि ही युक्ती नोंदणीची जागा घेऊ शकत नाही.

लेखकानं मग करावं काय? भारतात कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृतीच्या नोंदणीचं शुल्क ५०० रुपये आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे नोंदवहीतली नोंद प्रथमदर्शनी पुरावा ठरते. ती खोडून काढता येते, पण तो भार समोरच्यावर पडतो. पटकथा लिहिणाऱ्यांना मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन तिथे संहिता नोंदवता येते. संपादकाला किंवा निर्मात्याला संहिता ई-मेलनं, पूर्ण मजकूर जोडून पाठवावी. ती तारीख आणि तो मजकूर समोरच्याच्याही खात्यात राहतो, आणि तिथे तुमचा हात पोहोचत नाही.