खाण बंद झाली म्हणून आम्ल थांबत नाही

मेघालयातील जैंतिया टेकड्यांमधल्या बिळांसारख्या अरुंद कोळसा खाणींवर राष्ट्रीय हरित लवादाने १७ एप्रिल २०१४ रोजी बंदी घातली. त्यामुळे ‘आता तिथले पाणी निवळशंख दिसू लागले आहे, उरलेसुरले पावसाने धुऊन निघेल, आणि नाहीच निघाले तर चुना टाकला की झाले’ असा दावा बराच फिरतो आहे.

मुळात कोळशाच्या थरात लोह आणि गंधक यांचे पायराइट हे खनिज असते. हवा आणि पाणी लागले की त्यातून गंधकाम्ल तयार होते, काही जिवाणू ही क्रिया कितीतरी पटींनी वाढवतात, आणि या साऱ्याला खाणमालकाची वा मजुराची गरज नसते. उघडी बिळे आणि बाहेर टाकलेले ढिगारे तसेच असतील, तर बंदीचा कागद पायराइटला लागू होत नाही. ब्रिटनमध्ये खोल कोळसा खाणी बंद झाल्या, तरी त्यांतून येणाऱ्या पाण्यावर आजही सरकारी खर्चाने प्रक्रिया करावी लागते.

निवळशंख दिसण्याचे म्हणाल, तर तीच खरी फसवणूक आहे. पाणी फार आम्लधर्मी असते तेव्हा लोह त्यात विरघळलेले राहते; ओढ्याचा तळ, त्यातला दगड न् दगड स्वच्छ दिसतो, फक्त मासा दिसत नाही. पुढे आम्लता उतरली की तेच लोह नारिंगी साका होऊन दगडांवर बसते, म्हणजे पाणी घाण दिसू लागते ते आम्लता कमी झाल्यावर.

पावसाचा हिशेबही इतका सोपा नाही. सामू (pH, म्हणजे आम्लता मोजण्याचा आकडा; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) ७ वरून ४ वर आला, तर आम्लता तीनपट नव्हे, हजारपट वाढलेली असते; शिवाय कोरड्या दिवसांत ढिगाऱ्यांवर साचलेले क्षार पहिल्याच सरींत विरघळून ओढ्यात उतरतात. लवादापुढचे प्रकरणही खाली आसामात वाहत जाणाऱ्या कोपिली नदीच्या आम्लधर्मी पाण्याच्या तक्रारीवरूनच उभे राहिले होते, आणि या नदीवरच्या जलविद्युत प्रकल्पाची यंत्रसामग्री त्या पाण्याने गंजली.

‘मग चंद्रपूरला असे का होत नाही?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे. विदर्भातल्या गोंडवाना कोळशात (गोंडवाना नावाच्या प्राचीन खडकथरांतला कोळसा) गंधक सहसा एक टक्क्याच्या आत असते, मेघालयातल्या कोळशात ते कितीतरी अधिक.

राहिला चुना. चुनखडीने आम्ल मारता येते, यात वाद नाही. पण ओढ्यात टाकलेल्या खड्यांवर लोहाचा साका चढतो, त्या कवचाखाली चुनखडी तशीच पडून राहते आणि पाणी वरून निघून जाते. खडे वरचेवर बदलावे लागतात आणि साचलेला गाळ उपसून कुठेतरी नीट टाकावा लागतो.