थीम पार्कात न भिजता मजा कशी करावी

मे महिना लागला की आंबे, फणस आणि पुण्याचे पाहुणे एकदमच उतरतात. गोव्यात घर असणं हा काही गुन्हा नव्हे, पण शिक्षा दरवर्षी ठरलेली. पहिल्या दिवशी मंगेशी आणि शांतादुर्गा, दुसऱ्या दिवशी समुद्र आणि तिसऱ्या दिवशी सकाळी भाचा चहात बिस्कीट बुडवता बुडवता विचारतो, "मामा, इथे वॉटर पार्क आहे ना?" तुम्ही "आहे, पण..." म्हणेपर्यंत मेहुण्यांनी मोबाइलवर तिकिटं काढलेली असतात. तुमचंही. राज्याला 100 किलोमीटरहून लांब किनारा आहे, त्यातलं पाणी फुकट आहे, हे मुद्दे त्या वेळी काढू नयेत. फुकटच्या पाण्यात मजा कसली?

तर आता जाणं आलंच. तुम्हाला घसरगुंडीवर बसायचं नाही, हे आधीच जाहीर करून टाका, आणि कारण जपून निवडा. पाठीचं दुखणं सांगू नका; मेहुण्यांकडे त्यावर तेल असतं. रक्तदाब सांगितलात तर बायको सगळ्यांसमोर रात्रीच्या लोणच्याचा हिशेब काढते. चष्मा हे सर्वांत सज्जन कारण. चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा लावून वर सोडत नाहीत, इथे वाद संपतो.

वाद संपला की बॅगा येतात.

तिथे लॉकर असतो. पण लॉकरला भाडं असतं, वर अनामत असते, आणि तुम्ही तर बसलेलेच असता. त्यामुळे पत्र्याच्या शेडखालच्या एका प्लास्टिकच्या खुर्चीवर तुमची स्थापना होते. पायाशी सगळ्यांच्या चपला, मांडीवर टॉवेल, खिशात दुसऱ्यांचे मोबाइल आणि हातात वन्संनी रुमालात गाठ मारून दिलेलं मंगळसूत्र. ही गाठ सोडून पाहायची नाही. खिशातही ठेवायची नाही. "हातातच धरा" अशी स्पष्ट सूचना असते. एका हातात सौभाग्य धरून दुसऱ्या हाताने वेफर्सचं पाकीट दातांनी फोडणं सरावाने जमतं. सगळे नजरेआड झाले की यातला एक मोबाइल वाजतो. तो त्यांच्या ऑफिसमधून असतो. उचलावा. "साहेब पाण्यात आहेत" हे वाक्य उच्चारण्यात जो आनंद आहे, तो कुठल्याही राइडमध्ये नाही.

खुर्ची मात्र अशा जागी मांडा की तिथून कपड्यांचा काउंटर दिसेल. आत फक्त नायलॉनचे कपडे चालतात, कारण सुती कापडाचे धागे सुटून पाणी गाळायच्या यंत्रात अडकतात. फलक भला मोठा असतो आणि तो कोणीही वाचत नाही. मग थेट पाण्याच्या काठावर शिट्टी वाजते आणि नवी कोरी सुती बर्म्युडा घातलेले एक भारदस्त गृहस्थ परत फिरतात. थोड्या वेळाने तेच गृहस्थ भाड्याच्या जांभळ्या, घट्ट चड्डीत, पोट आत ओढून, कोणाकडेही न पाहता तुमच्यासमोरून जातात. ते आपले मेहुणे असतील तर नजर चष्म्यावर ठेवून काच पुसत राहा. पाहुणचार म्हणतात तो हाच.

लाटांच्या तलावाकडेही लक्ष असू द्या. तिथे आधी भोंगा वाजतो. मग खोल टोकाच्या भिंतीमागे पंखे हवा दाबतात, हवा पाणी ढकलते आणि लाट येते. ठरलेल्या वेळी येते, ठरलेल्या वेळी थांबते. पुण्याच्या माणसाला समुद्रापेक्षा ही लाट का आवडते, ते इथे बसल्यावर कळतं.

रांगेतून वैतागून परतलेल्यांसाठी थोडं ज्ञान तयार ठेवा. रांग नागमोडी का असते? शेवट दिसला तर माणूस घरी जाईल म्हणून. परदेशातल्या मोठ्या पार्कांत थांबण्याची वेळ कित्येकदा फलकावर मुद्दाम वाढवून लिहितात. मग थोडं आधी आत गेलेला माणूस लॉटरी लागल्यासारखा हसतो. वॉल्ट डिस्नेने 1955 साली कॅलिफोर्नियात पार्क उघडलं तेव्हा बाहेरचं जग दिसू नये म्हणून भोवती मातीचा उंच बांध घातला. आतल्या मुख्य रस्त्यावरच्या इमारतींचे वरचे मजले लहान मापाचे केले, म्हणजे त्या उंच वाटाव्यात. एवढी अक्कल चालवूनही उद्घाटनाच्या दिवशी उन्हाने ताजं डांबर मऊ झालं आणि बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. हे ऐकून मेहुणे आपल्याकडच्या रस्त्यांविषयी काही बोलतील. तुम्ही बोलू नका, अजून घरी गाडी तुम्हालाच चालवायची आहे.

जेवणाचं म्हणाल, तर बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. तुमच्या आईने पहाटे उठून केलेली फणसाची सांदणं फाटकावरच पकडली जातात. डबा उघडून पाहणारा राखणदार गावातलाच असेल तर त्याचा चेहरा नीट बघा. हा माणूस नियमाने बांधलेला आहे आणि सांदणांनी विरघळलेला आहे. त्याच्याशी भांडू नका, डबा त्याच्याकडेच ठेवा. परतताना तो हलका लागला तर मोजत बसू नका. आत गेल्यावर भाजी-पाव खा. फोंड्यात त्या पैशांत घरादाराचा नाश्ता होतो, ही माहिती मनातच असू द्या, कारण बिल मेहुणे देणार असतात. म्हणजे देतो म्हणणार असतात.

पाहुणे "थीम पार्क म्हणजे काही संस्कृतीही हवी" अशा वर्गातले निघाले, तर त्यांना लोटलीला न्या. तिथे 1995 पासून जुन्या गोव्याचं एक गावच मांडून ठेवलंय. जांभ्या दगडात कोरलेली संत मीराबाईची भलीमोठी आडवी मूर्ती तिथेच आहे. माएंद्र आल्वारिस यांनी ती 1994 साली महिन्याभरात कोरली, आणि ती खरोखर बघण्यासारखी आहे. हे मी उपरोधाने म्हणत नाही. बाकी गावात जुने धंदे करणाऱ्या माणसांचे पुतळे आहेत. वन्सं पोदेराच्या, म्हणजे दारोदार फिरणाऱ्या पाववाल्याच्या, पुतळ्याशेजारी उभ्या राहून फोटो काढतात. खरा पोदेर त्याच सकाळी सायकलचा पोंपों वाजवत दारात आला होता, तेव्हा "कोण हा पहाटे पहाटे?" म्हणून त्यांनीच खिडकी लावून घेतली होती. पुतळा बरा, वाजत नाही.

फेरीबोटीचा विचारही मनात आणू नका. दिवाडी बेटावर पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, कपड्यांचा नियम नाही, कमरेला पट्टा नाही. भाचा विचारेल, "मामा, ही राइड सुरू कधी होणार?" आणि तोवर पलीकडचा काठ आलेला असेल.

संध्याकाळी ओले टॉवेल तुमच्या गाडीच्या सीटवर आणि मंगळसूत्र वन्संच्या गळ्यात पोचलं की म्हापशाच्या वाहतुकीत मागून आवाज येईल, "उद्या दूधसागर करू या का?" न डगमगता सांगा, मे महिन्यात तिथे पाण्याची बारीक धार तेवढी असते, जाऊन काही फायदा नाही. हे अगदी खरं आहे. पाहुणे हळहळतील. मग मेहुणे मोबाइल काढतील आणि म्हणतील, "हरकत नाही, मग पावसाळ्यातच परत येऊ."