सगळंच "फाटलं" म्हणू नका हो!

टाकून द्यायच्या कपड्यांत आज एक धडधाकट शर्ट दिसला. कारण काय, तर "फाटलाय". काखेत दोन बोटं शिवण सुटली होती, बस्स! अहो, तो फाटला नव्हता, उसवला होता. कापड शाबूत, तुटलाय फक्त दोरा. अर्धा इंच अलीकडून धरून अर्धा इंच पलीकडेपर्यंत टीप मारली की झालं. हाताने शिवणार असाल तर उलटी टीप घाला, म्हणजे दरवेळी सुई थोडी मागे नेऊन टाका घ्यायचा. काखेत ताण बसतो, नुसता धावदोरा तिथे टिकत नाही.

उसवणं, खोंबारा लागणं, विरणं हे वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी.

खोंबारा खिळ्याला नाहीतर तारेला अडकून लागतो, बहुधा काटकोनात. आधी कोपरा धरायचा, कारण चीर तिथूनच पुढे धावते. लोंबणाऱ्या दशा कापू नका, रफूत त्या जागच्या जागी बसवायच्या असतात. दोरा त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून काढा म्हणजे रंग जुळतो. चिरेच्या बाहेर सेंटिमीटरभर चांगल्या कापडातून सुरुवात करा. आधी उभे धागे, मग आडवे, एकाच्या वरून, एकाच्या खालून. वळणावर दोरा किंचित सैल सोडा. ओढून घेतलात तर धुतल्यावर चुण्या पडतात.

विरलेलं कापड उजेडासमोर धरलं की कळतं. गुडघा, कोपर, बैठक. तिथे रफू फुकट, सुई टोचाल तिथे नवं भोक. आतून ठिगळ लावा, विरलेल्या भागापेक्षा चहूबाजूंनी दोन सेंटिमीटर मोठं, कोपरे गोल, कपड्याच्या उभ्या धाग्याला ठिगळाचा उभा धागा जुळवून. कोरं जाड कापड घेऊ नका. ते आटतं आणि कडेचं जुनं कापड फाडतं.

त्या शर्टाची कॉलरही घडीवर विरली होती. तीसुद्धा उसवून, उलटी करून बसवता येते. आतली बाजू जवळजवळ कोरी निघते! आणि हा शर्ट टाकायचा?

फाटक्या जीन्स ज्याला आवडतात त्याने घालाव्यात. निळे उभे धागे काढून पांढरे आडवे ठेवतात, दिसतं बरं. पण तीच माणसं नीट लावलेल्या ठिगळाला "लक्तरं" म्हणतात तेव्हा डोकं सणकतं. ज्यात टाका धरणारं कापडच उरलं नाही, ते लक्तर. ठिगळामागे कुणीतरी दिवाणखान्यात, ओट्यापाशी, मिळेल त्या उजेडात बसून घातलेले टाके असतात. त्याला नावं ठेवू नयेत.

कबूल, सगळं वाचत नाही. घामाने कुजलेलं, बोटांनी ताणताच तडकणारं कापड सोडून द्या, फडकी करा.

पण शिवण्याजोगं असेल तर आधी शिवा, मग धुवायला टाका. मशीनमध्ये घुसळून बोटभर चीर वीतभर होते, दशा निघून जातात आणि रफूला काही उरतच नाही.