वार्ताहराला आधी पगार द्या

वृत्तपत्रांच्या बातम्यांतल्या पक्षपातावरच्या तुमच्या लेखात सगळा दोष तुम्ही तालुक्याच्या वार्ताहरावर टाकलात, ते पटलं नाही. आमच्या भागात बहुतेकांना धड मानधन नसतं, मिळकत जाहिरातींच्या कमिशनवर. दिवाळीची पुरवणी असो की नेत्याच्या वाढदिवसाची, टार्गेट त्यालाच. मग ज्याच्याकडून जाहिरात घ्यायची, त्याच्याच बाजार समितीतल्या भानगडीवर तो लिहील कसा? २००९च्या निवडणुकीनंतर पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा, एवढा गाजावाजा झाला, पण ही मुळातली गोष्ट कोणी हलवली नाही.

खेळाच्या बातम्या मोठ्या नावांभोवतीच फिरतात, हे मात्र तुमचं शंभर टक्के खरं. २०१७-१८ला विदर्भाने पहिल्यांदा रणजी जिंकली तेव्हा चर्चा अनुभवी फलंदाज वसीम जाफर आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांची. त्यांचा वाटा मोठा होताच. पण राजेहो, अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक रजनीश गुरबानीची आणि शतक अक्षय वाडकरचं! २०२४-२५ला विदर्भाच्याच हर्ष दुबेने एकाच रणजी हंगामात ६९ बळी घेऊन विक्रम केला, आमच्या गावात किती जणांना ते माहीत आहे? गावच्या टेनिस बॉल स्पर्धेची बातमीसुद्धा छापून येते ती बक्षीस देणाऱ्या नेत्याच्या फोटोसाठी. सामना जिंकून देणाऱ्या पोराचं नाव त्यात नसतं.