पाटीवर डॉक्टर, कचऱ्याला दुकानदार

आमच्या चष्मेवाल्या जमातीवर थोडं लिहिते. राग येईल काहींना, येऊ द्या. मान घ्यायचा असला की आम्ही ‘डोळ्यांचे डॉक्टर’ असतो आणि नियमाची गोष्ट निघाली की लगेच ‘आपलं काय भो, दुकान आहे’. मी स्वतः ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारी आहे, म्हणून हे हक्काने बोलते.

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही तालुक्याच्या गावी जा. काउंटरची काच लखलखीत असते. आतल्या अंधाऱ्या खोलीत जाऊन स्लिट लॅम्पच्या, म्हणजे हनुवटी-कपाळ टेकवून डोळा तपासायच्या यंत्राच्या, कपाळपट्टीवर मात्र एकदा बोट फिरवा. खोबरेल तेल, त्यावर मे महिन्याचा घाम, त्यावर कुंकू. हनुवटीखाली कागदाची गड्डी लावलेली असते, पण वरचा कागद दर पेशंटला फाडायचा असतो हे कुणाच्या गावी नसतं. दोन-दोन दिवस तोच कागद चालतो, कडा काळ्या पडेपर्यंत.

२०२३च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली होती, आठवतंय ना? ‘डोया उनात व ताई’ म्हणत माणसं यायची आणि लांबूनच विचारायची, नुसतं बघितल्याने येतात का? बघितल्याने नाही येत. हाताने येतात, रुमालाने येतात आणि नंबर काढताना नाकावर चढवतो त्या आमच्या ट्रायल फ्रेमनेसुद्धा येतात. अशा साथीत बहुतेकदा सापडणारे विषाणू कोरड्या वस्तूवरही बरेच दिवस तग धरतात. त्यात ॲडिनोव्हायरस असला तर स्पिरिटचा बोळा एकदा फिरवून तो मरेलच असं नाही. डोळ्याचा दाब मोजायचं जे टोक थेट बुबुळाला लागतं, ते पातळ केलेल्या ब्लीचमध्ये किंवा ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये पाच-दहा मिनिटं बुडवावं लागतं. मग स्वच्छ धुऊन कोरडं करायचं, नाहीतर तेच औषध पेशंटच्या बुबुळाला भाजतं. एवढा वेळ कुणाकडे आहे? त्याच साथीत सगळ्यांचे चष्मे एकाच फडक्याने ‘फ्री’मध्ये पुसून देण्याची आपली मायाही चालूच होती.

थेंबांच्या बाटल्यांचंही तेच. बाटलीचं तोंड पापणीला लागलं की ती बाटली बाद. फोडलेली बाटली साधारण महिन्याभरात टाकायची, म्हणून फोडल्याची तारीख पेनाने वर लिहायची. मी पाहिलेल्या किती बाटल्यांवर तारीख होती, हे विचारू नका.

कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांना एकच सांगते. आपल्याकडे कित्येक गावांत नळाला चार-सहा दिवसांआड पाणी येतं, म्हणून घरोघरी टाकी आणि ड्रम. त्या पाण्यात अकॅन्थामिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो आणि तो लेन्सखाली अडकला तर बुबुळ खातो. लेन्सला पाणी लागू द्यायचं नाही, अगदी फिल्टरचंसुद्धा. साबणाने धुतलेले हात आधी नीट कोरडे करायचे, मगच डबी उघडायची.

आता कचरा. जैववैद्यकीय, म्हणजे तपासणी-उपचारातून निघणाऱ्या, कचऱ्याचे नियम २०१६चे आहेत आणि त्यात क्लिनिकच काय, आरोग्य शिबिरंसुद्धा येतात. रावेर-यावलच्या खेड्यात शाळेच्या वर्गात आपण दिवसभर थेंब टाकतो आणि संध्याकाळी स्राव पुसलेला कापूस, रिकाम्या बाटल्या शाळेमागच्या उकिरड्यावर. हे चालत नाही. मुदत संपलेली औषधं, मळलेला कापूस पिवळ्या पिशवीत. सुई असलीच तर न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात. फुटलेली काचेची लेन्स घंटागाडीत उघडी टाकली तर रक्त सफाईवाल्या भावाच्या हातातून निघतं. ती जाड कागदात गुंडाळून, वर ‘काच’ लिहून, वेगळी द्या.

सगळ्यात जास्त डोक्यात जातं ते मागच्या खोलीतलं. लेन्स फ्रेमच्या मापाने घासायच्या एजिंग मशीनवर बसलेलं पोरगं दिवसभर लेन्स घासतं. हाय इंडेक्सची, म्हणजे मोठ्या नंबरची पातळ लेन्स लागली की गंधकासारखा वास खोलीभर. ड्रिल मारताना कण उडतात, पॉलिकार्बोनेटचा चुरा बाह्यांना चिकटतो. आणि लोकांच्या डोळ्यांची काळजी वाहणाऱ्या दुकानात त्याच्याच डोळ्यांवर साधा गॉगल नसतो! मालकाला विचारलं तर म्हणतो, ‘त्याला सवय आहे, ताई.’ मशीनखालचा लगदा थेट मोरीत, मग गटार तुंबली की नगरपालिकेला शिव्या. खाली एक जाळी आणि बादली ठेवली तरी लगदा गोळा होतो. खर्च काय, तर एखाद्या स्वस्तातल्या फ्रेमएवढा.

दर गिऱ्हाइकामागे स्वच्छतेचा खर्च काढला तर तो चहाच्या कटिंगपेक्षा कमी भरतो. म्हणजे अडचण पैशाची नाही, कंटाळ्याची आहे. आणि एकट्या दुकानासाठी जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी येत नाही हे कारण अर्धंच खरं. आमच्या गल्लीत दोन चष्म्याची दुकानं, एक दातांचा दवाखाना आणि एक लॅब आहे. चौघांचा कचरा मिळून एका फेरीत जाऊ शकतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी ज्याची त्याने काढायची, पण गाडीवाल्याशी बोलणं एकत्र करता येईल. लॅबवाले तयार आहेत, दातवाले विचार करतायत. तालुक्यातल्या आणखी कुणाला यायचं असेल तर मला मेसेज करा, रविवारी दुकान बंद झाल्यावर बसू.