गाडी एअर घेतेय!

आमचा ट्रक जुना. बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला २०२० च्या एप्रिलमध्ये, हा त्याच्या बराच आधीचा. नव्या गाड्यांना स्कॅनर लावला की त्या आपलं दुखणं कोडमध्ये सांगतात. आमच्या गाडीला बोलता येत नाही, म्हणून तिच्या वतीने पुण्यातलं अख्खं गुलटेकडी मार्केट यार्ड बोलतं.

कांद्याने भरलेली गाडी पहाटे गाळ्याच्या तोंडाशी आडवी लागली होती. ड्रायव्हर मामांनी चहापुरती बंद केली आणि ती परत चालू होईना. "शेठ, सेल्फ घेतीय, पण पकडत न्हाई," मामा म्हणाले. मागे टेम्पोंची रांग लागली आणि हॉर्न सुरू झाले.

पहिला आला बॅटरीवाला. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, मिळून २४. त्याने टर्मिनलवरची हिरवट बुरशी खरवडली, मान हलवली आणि "बॅटरी गेली" असं जाहीर केलं. बॅटरी गेली असती तर सेल्फने नुसतं टक् केलं असतं. इथे तो अख्खी आळी जागी होईल असा फिरत होता. मग वायरमन आला. त्याला अर्थिंगचा संशय. ज्याच्या हातात जो पाना, त्याला तोच नट ढिला दिसतो.

सहकारनगरहून स्कूटरवर भाजी न्यायला आलेले एक काका पिशवी सावरत म्हणाले, "प्लग काढून पुसा. कचरा असणार." डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो हो काका! हवा १६-१७ पट दाबायची, ती ५०० अंशांच्या वर तापते, तिच्यात डिझेलचा फवारा मारला की ते आपसूक पेटतं. रुडॉल्फ डिझेल यांनी जर्मनीत आउग्सबुर्गला १८९७ मध्ये हे चालवून दाखवलं. बातमी सहकारनगरात पोचायची आहे. कुणी म्हणालं, एअर फिल्टरपाशी पेटता बोळा धरा. कुणी म्हणालं, धक्का मारू. कामाचं बोलला तो एकटा हमाल: "आधी कांदा उतरवू का?"

शेवटी मिस्त्री आले. कुणाशी न बोलता सायलेन्सरच्या मागे जाऊन उभे राहिले. "मामा, मारा सेल्फ." धुराचा पत्ता नाही. "पांढरा धूर आला असता तर म्हटलं असतं डिझेल पोचतंय पण जळत नाही. इथं पोचतच नाही."

पंपावरची, डिझेल तोडून इंजिन बंद करणारी स्टॉपची दांडी त्यांनी बोटाने हलवून पाहिली, मोकळी होती. मग डिझेल फिल्टरवरचा एअरचा स्क्रू दोन आटे सैल केला आणि टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा हातपंप अंगठ्याने दाबायला लागले. स्क्रूच्या कडेने आधी फेस आला, मग फुसफुस, मग डिझेलची स्वच्छ धार. धार आली म्हणून आम्ही हुश्श करतोय, तोवर पुन्हा बुडबुडे. "एअर घेतेय. टाकीकडनं."

"पण कुठे थेंबभरसुद्धा गळत नाही," मी म्हणालो.

"गळेल कसं? ती बाजू ओढते. डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते."

फीड पंपाला टाकीकडून पाइप येतो, तिथला बोल्ट काढला. खालचा तांब्याचा वॉशर चिरलेला. नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं उघडायला अवकाश होता, पण मिस्त्रींच्या डब्यात वॉशर निघाला. पुन्हा हातपंप, पुन्हा धार. या वेळी बुडबुडा नाही. स्क्रू आवळला, मामांनी सेल्फ मारला, गाडी थोडी अडखळली, काळा धूर ओकली आणि घुमायला लागली.

"मी म्हटलंच होतं, कचरा," काका म्हणाले आणि मेथी घ्यायला गेले.

मिस्त्रींचे पैसे देत होतो, तेवढ्यात बॅटरीवाला पुढे झाला. "शेठ, माझे शंभर."

"अरे, बॅटरीला काय झालं होतं?"

"काहीच नाही की! तेच तपासल्याचे."